वरचे पाणी, खालचे पाणी

गोदावरी नदी एक, पण तिच्या पाण्यावर हक्क सांगणारे अनेक आहेत. वरच्या अंगाला नाशिक शहर, तेथील द्राक्षबागा आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊस. खालच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण. छत्रपती संभाजीनगर शहर याच धरणाचे पाणी पिते आणि मराठवाड्यातील शेती याच्या कालव्यांवर भिजते. तुटीच्या वर्षी पाणी वरच अडले तर खालच्यांनी काय करावे, हा वादाचा गाभा आहे.

२००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने याचे उत्तर दिले. तूट आली तर ती खोऱ्यातील सर्वांनी वाटून सोसावी, हे त्याचे तत्त्व. त्यानुसार २०१४ साली प्राधिकरणाने आदेश दिला की, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचा हक्क मान्य केला.

तारखेला महत्त्व का, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. ऑक्टोबरात नदीचे पात्र ओले असते, म्हणून वाटेत पाणी कमी मुरते. पुढे पात्र कोरडे पडते आणि तेवढेच पाणी सोडूनही धरणात कमी पोचते. २०२३ साली सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला, परंतु पाणी सुटण्यास नोव्हेंबरची अखेर उजाडली. विलंबाची किंमत दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्याला मोजावी लागते.

म्हणून न्याय्य वाटपाइतकेच वेळेवर वाटप महत्त्वाचे आहे.