सरकीची लव आणि हजार यार्डांवरचा नेम

युरोपला तोफगोळे कमी पडताहेत, ही बातमी आता रोजची झाली. मार्च 2024 मध्ये युरोपीय संघाचे तेव्हाचे परराष्ट्र धोरणप्रमुख जोसेप बोरेल यांनी त्यामागचं एक कारण सांगितलं, तेव्हा मात्र अनेकांनी कान टवकारले. दारूगोळ्यातल्या दारूला विशिष्ट प्रकारचा कापूस लागतो आणि तो मुख्यतः चीनमधून येतो, असं ते म्हणाले.

अमेरिकेत गॅरेजमध्ये प्रेस मांडून स्वतःची काडतुसं स्वतःच भरणाऱ्या हौशी मंडळींना याची झळ आधीच लागली होती. 2024 सुरू होता होता व्हिस्टा आउटडोअर या बड्या कंपनीने जागतिक दारूटंचाईकडे बोट दाखवत भाववाढ जाहीर केली. (ही टंचाई पेल्यातल्या दारूची नव्हे, तिच्यासाठी युद्ध लागत नाही.)

या छंदाला तिकडे ‘हँडलोडिंग’ म्हणतात. रायफल उडाली की गोळी जाते, दारू जळते, पण पितळी पुंगळी मागे उरते. काडतुसाचा सगळ्यात महाग भाग बहुधा तोच. तिचं वापरलेलं प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, काढायची. स्फोटाने फुगलेलं अंग साच्यात दाबून पुन्हा मापात आणायचं. नवी टोपी, मोजून दारू, वर नवी गोळी. मोजमाप ‘ग्रेन’मध्ये. एका पौंडात 7000 ग्रेन. तराजूचा आकडा हवा तिथे येत आला की मुख्य माप बाजूला ठेवून बारीक नळी बोटांनी फिरवतात आणि दारूचे दाणे एकेक करून पारड्यात पाडतात. सोनाराच्या दुकानात असते तशीच शांतता तेव्हा असते.

एवढा कीस कशासाठी? हजार यार्ड म्हणजे 914 मीटर. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला तीस फुटांचा फरक पडला, तरी तिथे पोचेपर्यंत .308 ची गोळी वीतभर वर किंवा खाली लागते. शंभर यार्डांवर तो फरक कुणाला दिसतही नाही. म्हणून प्रत्येक काडतुसाने आधीच्यासारखंच वागावं, यासाठी हा सारा आटापिटा.

शिकाऱ्याचा हिशेब वेगळा. 1946 मध्ये जॉन नॉस्लर ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले होते. त्या थोराड जनावराच्या अंगावर चिखल वाळलेला. गोळ्या आत खोल जाण्याऐवजी वरवरच फुटल्या. घरी येऊन त्यांनी मध्ये आडवी भिंत असलेली गोळी घडवली: पुढचा भाग पसरतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. ‘पार्टिशन’ या नावाने ती 1948 पासून विकली जाऊ लागली आणि आजही विकली जाते.

पण या छंदाचा खरा नायक कॅन्ससचा ब्रूस हॉजडन. बंदूककार नव्हे, गॅस कंपनीचा विक्रेता. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सरकारकडे दारूचे ढीग पडून होते. या गृहस्थाने आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून 50,000 पौंड दारू उचलली. ठेवायची कुठे? जुना मालडबा आणून कुरणात उभा केला. मग मासिकात छोटीशी जाहिरात दिली: 150 पौंड, 30 डॉलर. म्हणजे पौंडाला वीस सेंट! त्याचं नाव असलेले डबे आजही दुकानात मिळतात. अमेरिकेत हँडलोडिंग घरोघरी पोचलं त्यात शौर्यापेक्षा सरकारी भंगाराचा वाटा मोठा. ऐंशी वर्षांनी तोच प्रवाह उलटा वाहतो आहे. तेव्हा तोफांचं उरलंसुरलं छंदाकडे आलं; आता रांगेत पहिला नंबर तोफांचा.

आणि या सगळ्याच्या तळाशी आहे कापूस. 1846 मध्ये बाझलच्या ख्रिश्चन शोनबाइन यांनी आम्लांच्या प्रक्रियेने कापूस स्फोटक करून दाखवला. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी त्यापासून धूर न करणारी दारू बनवली. आजची दारू त्याच स्फोटक कापसाची, म्हणजे नायट्रोसेल्युलोजची. त्यासाठी लांब धाग्याचा कापूस लागत नाही. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला चिकटून राहते ती आखूड लव, ‘लिंटर’, पुरते. यवतमाळच्या सरकीवरही ती असतेच. कापसाच्या भावावर रान उठवणाऱ्या आपल्याकडे या लवेची चर्चा कुणी करत नाही, हे नवलच.

छंदाचा आपला संबंध मात्र इथेच संपतो. शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली आणि परवान्याविना काडतूस बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 451.4 गुणांसह कांस्य जिंकलं ते पॉइंट टू-टूच्या काडतुसांवर. त्यात ठिणगीचं रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं, त्यामुळे ती पुन्हा भरायची सोयच नाही. या प्रकारातले नेमबाज निरनिराळ्या ‘लॉट’ची काडतुसं आपल्या रायफलीतून झाडून बघतात आणि जो लॉट मानवेल त्याचाच साठा करतात.

राहता राहिला काटकसरीचा दावा. घरी भरलेलं काडतूस स्वस्त पडतं, असं प्रत्येक हँडलोडर बायकोला सांगतो. नगाचा भाव खरोखर कमी बसतो. पण प्रेस, तराजू, साचे, वेगमापक यंत्र यांचा खर्च वहीत लिहिला जात नाही. शिवाय 2007 मध्ये हॉर्नडी कंपनीने आणलेल्या 6.5 क्रीडमूरसारखी काडतुसं आता कारखान्यातूनच इतकी नेमकी येतात, की हौशी माणसाचं घरी भरल्यावाचून फारसं अडू नये. तरीही टंचाईच्या दिवसांत दुकानात ‘माणशी एक डबा’ अशी पाटी लागते, आणि ही मंडळी घरातल्या दुसऱ्या माणसालाही सोबत घेऊन येतात.