अस्थिर कोण, शेजारी की आपण? असईकडून शिकायचा संशोधन-प्रश्न



पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण एकच अडचण सांगतात: 'विषय हातात आहे, पण त्यातून प्रश्न कसा काढायचा?' आज एक विषय घेऊन हे करून बघू. विषय आहे: देशांच्या एखाद्या संघाचं अस्थिर शेजाऱ्यांबाबतचं धोरण.

आजचं ठळक उदाहरण म्हणजे युरोपीय संघ. २००४ मध्ये दहा नवे देश संघात आले, सीमा पुढे सरकली आणि त्याच वर्षी संघानं 'शेजार धोरण' आणलं. मोरोक्कोपासून युक्रेनपर्यंत सोळा शेजारी त्यात येतात. सूत्र सोपं होतं: तुम्ही सुधारणा करा, आम्ही पैसा आणि बाजारपेठ देऊ, सदस्यत्वाचं वचन मात्र नाही. नंतर लिबिया, सीरिया आणि युक्रेन पेटले. २०१५ मध्ये धोरण बदललं आणि सुधारणांपेक्षा स्थैर्यावर भर आला.

यावर आपण चटकन लिहून मोकळे होतो: 'शेजारी अस्थिर होते, म्हणून धोरण फसलं.' थांबा. हे उत्तर आहे की नुसती तक्रार? तपासायला फार लांब जायला नको, आपल्या जालना जिल्ह्यातच या.

अठराव्या शतकातला मराठा संघ डोळ्यांसमोर आणा. पुण्यात पेशवे, उत्तरेत शिंदे आणि होळकर, बडोद्यात गायकवाड, नागपूरला भोसले. हा संघ काही युरोपीय संघ नव्हे. लिखित घटना नाही, निवडणुका नाहीत. पण एक गोष्ट तुलनेला चालते: घटक अनेक आणि शेजारी सामाईक. तुलना करताना ती किती अंगानं करताय हे आधीच सांगून टाका, परीक्षक निम्मे तिथेच शांत होतात.

पहिला शेजारी, दिल्ली. १७५२ च्या करारात मराठ्यांनी बादशहाच्या रक्षणाची हमी घेतली. बदल्यात ५० लाख रुपये आणि पंजाब-सिंधसह काही प्रांतांच्या चौथाईचे हक्क ठरले. गंमत अशी की त्याच सुमारास बादशहानं पंजाब अब्दालीला देऊन टाकला होता. म्हणजे हमी खरी, पण मोबदला दुसऱ्याच्या ताब्यात! १७५८ मध्ये मराठे लाहोरपर्यंत गेले, पण तिथे टिकता आलं नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सुरजमल जाट सोबत नव्हता आणि शुजाउद्दौला तर अब्दालीच्या बाजूनं होता.

दुसरा शेजारी, निजाम. थकलेल्या चौथाईवरून ११ मार्च १७९५ ला खर्ड्याची लढाई झाली. शिंदे, होळकर, भोसले पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र होते आणि निजाम हरला. इंग्रज तटस्थ राहिले. निजामानं मुलूख दिला, मोठी खंडणी कबूल केली आणि आपला दिवाणही पुण्याच्या हवाली केला. पण त्याच ऑक्टोबरात सवाई माधवराव वारले आणि गादीवरून पुण्यात भांडण जुंपलं. त्या भांडणात निजामाची मदत हवी म्हणून १७९६ मध्ये खर्ड्याला मिळवलेलं बरंचसं परत करायची तयारी दाखवली गेली. एवढं होऊनही निजामाला भरवसा वाटला नाही. १७९८ मध्ये त्यानं इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली.

पुढचं आपल्या जिल्ह्यात घडलं. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईच्या तहानं खुद्द पेशवाच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. सप्टेंबर १८०३ मध्ये हैदराबादची तैनाती फौज घेऊन स्टीव्हन्सननं जालन्याचा किल्ला घेतला. २१ तारखेला वेलस्ली आणि तो बदनापूरला भेटले. २३ तारखेला असईला शिंदे-भोसले हरले, होळकर लांबच राहिले. सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांना अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा मुलूख सोडावा लागला, त्यात जालनाही होतं. आपला भाग निजामाकडे गेला तो सप्टेंबर १९४८ पर्यंत. म्हणजे संघाच्या शेजार धोरणाची किंमत आपल्या आजोबा-पणजोबांनी मोजली.

आता अंदाज मांडू: शेजाऱ्याच्या अस्थिरतेपेक्षा संघातली फाटाफूट धोरण बुडवते. खर्डा ते असई ही आठ वर्षं याला छान जुळतात. पण जुळणारं उदाहरण सापडलं की संशोधन संपत नाही, तिथून सुरू होतं. मी विज्ञान शाखेचा असल्यानं सवय अशी की अंदाज मोडेल असं उदाहरण आधी शोधायचं. १७५२ ते १७६१ या काळात पुण्यात एकच पेशवा होता, नानासाहेब. कुरबुरी होत्या, पण १७९६ सारखी गादीची भांडणं नव्हती. तरीही पानिपत झालंच. म्हणजे माझा अंदाज अपुरा आहे.

मग आणखी काय? धोरणाचं साधन बघा. चौथाई मिळायची तर शेजारी दबण्याइतका कमजोर हवा, पण पैसे देण्याइतका धड हवा. दोन्ही एकदम फार काळ टिकत नाही. पिळलेला शेजारी तिसऱ्याचं दार ठोठावतो, निजामानं तेच केलं.

आता प्रश्न असा बनतो: संघाची एकवाक्यता आणि शेजाऱ्याकडून काय घ्यायचं याची रीत, या दोन्हींतलं काय बिघडलं की शेजारी तिसऱ्या सत्तेकडे वळतो? हा प्रश्न युरोपलाही लावता येतो, कारण तिथेही परराष्ट्र धोरणाच्या मोठ्या निर्णयांना सहसा सर्व सदस्यांची संमती लागते. आणि तो खोटा ठरू शकतो, हीच त्याची ताकद.

तुमच्यासाठी गृहपाठ: महादजी शिंदे. १७८४ मध्ये ते बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले आणि दिल्लीचा कारभार एका हाती आला. तरी १७८८ मध्ये गुलाम कादिरनं दिल्ली घेऊन बादशहाला आंधळं केलं. पुढे महादजींनी त्याला पुन्हा गादीवर बसवलं. हे उदाहरण वरच्या प्रश्नाच्या बाजूनं आहे की विरुद्ध? एका पानात लिहून बघा. आणि 'अस्थिर शेजारी' असं लिहिण्याआधी एकदा स्वतःला विचारा: अस्थिर नेमकं कोण होतं?