फवारणीच्या दिवसांत बायांचे कपडे



फवारणीचा पंप बहुधा पुरुषाच्या पाठीवर असतो. पण पाणी आणून देणे, औषध कालवणे, फवारलेल्या कपाशीत निंदण करणे अन् संध्याकाळी ते कपडे धुणे, ही कामे बायांकडेच येतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही.

कीटकनाशक श्वासावाटे जाते, तसेच कातडीतूनही अंगात भिनते. भिजलेले कापड ते अंगाला धरून ठेवते. म्हणून एवढे पाळा :

१) साडीवर लांब बाह्यांचा जाड सुती सदरा घालावा. जुना चालेल, फाटका नको. बटणे लावावीत.

२) पदर कमरेला घट्ट खोचावा. पदराने तोंड पुसू नये. डोक्याला वेगळा रुमाल बांधावा.

३) औषध कालवताना रबरी हातमोजे, चष्मा, मास्क आणि पायांत बूट हवेत. ढवळायला काठी घ्यावी, हात नको.

४) कपड्यांवर औषध सांडले तर लगेच बदलावेत आणि साबणाने अंग धुवावे.

५) हे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. हातमोजे घालून वेगळे धुवावेत. विहिरीवर, ओढ्यावर धुऊ नयेत.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना या कामाला लावूच नका.

औषधाची बाटली घेताना हातमोज्यांचे दोन जोड घ्या : एक पंपवाल्याला, एक घरधनिणीला. औषधाचा खर्च धरता, तसा हाही पिकाच्या खर्चातच धरा.