विश्लेषण : मेंदू, हृदय की नवजात बाळ... सर्वांत अवघड शस्त्रक्रिया कोणती?

मेंदूची शस्त्रक्रिया सर्वांत अवघड, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात शल्यचिकित्सेच्या प्रत्येक शाखेतील अवघडपणा वेगळा असतो.

मेंदू आणि हृदयात फरक काय?

मेंदूतील गाठ काढताना वाचेचे किंवा हालचालीचे केंद्र अगदी शेजारी असू शकते. हात किंचित सरकला तरी रुग्ण वाचतो, पण त्याचे बोलणे जाऊ शकते. म्हणूनच काही वेळा रुग्णाला जागे ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत शस्त्रक्रिया केली जाते. हृदयात प्रश्न घड्याळाचा असतो. झडप बदलताना हृदय थांबवून रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनवर सोपवतात. अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये या यंत्राच्या साह्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. हृदय जितका वेळ थांबेल तितका धोका वाढतो. त्यामुळे टाके अचूक हवेत आणि झटपटही!

नवजात बाळाचे काय?

या चर्चेत बालशल्यचिकित्सेचे नाव क्वचितच येते. खरे तर ते आधी यायला हवे. काही बाळांची अन्ननलिका जन्मतःच मध्ये तुटलेली असते आणि दूध पोटात पोहोचतच नाही. ती बहुधा पहिल्या काही दिवसांतच जोडावी लागते. अडीच किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त साधारण २०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर. त्यातले २० मिलिलिटर, अर्थात चार छोटे चमचे, गेले तरी दहावा हिस्सा गेला. बाळाचे अंगही चटकन गार पडते, म्हणून ऑपरेशन थिएटर उबदार ठेवावे लागते.

मग मोतीबिंदू सोपा?

शस्त्रक्रिया अनेकदा अर्ध्या तासात आटोपते, म्हणून तसे वाटते. पण भिंगामागचे आवरण अवघ्या काही मायक्रॉनचे, केसाहून कितीतरी पातळ असते.

तरुण डॉक्टर कुठे वळतात?

एमबीबीएसची साडेपाच, एमएसची तीन आणि एमसीएचची तीन, अशी साडेअकरा वर्षे हृदय किंवा बालशल्यचिकित्सक होण्यास लागतात. रेडिओलॉजिस्ट साडेआठ वर्षांत तयार होतो, आणि त्याला रात्रीअपरात्री धावावे लागण्याचे प्रमाणही कमी. नीट-पीजीतील वरच्या क्रमांकांचे विद्यार्थी तिकडे वळतात, यात नवल नाही. दुसरीकडे, हृदय व बालशल्यचिकित्सेच्या एमसीएच जागा अलीकडे रिकाम्या राहत आहेत. बालशल्यचिकित्सक प्रामुख्याने मोठ्या शहरांत असल्याने खेड्यात जन्मलेल्या अशा बाळाला आधी रुग्णवाहिकेचा प्रवास घडतो. वाटेत त्याला ऊब द्यावी लागते आणि तोंडात साचणारी लाळ सतत काढत राहावी लागते.