जागलीवरून थेट मैदानावर

पोलीस भरतीला उतरणारा मुलगा एकाच वेळी धावपटूही असतो आणि परीक्षार्थीही. मैदानाचे ५० गुण: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मैदान निघालं की १०० गुणांची लेखी, दीड तासाची. म्हणून दिवसाची दोन्ही टोकं कामाला लागतात. पहाटे ग्राउंड, रात्री अभ्यासिका, आणि मधल्या वेळात कॉलेज, घरचं शेत किंवा कुणाच्या तरी दुकानातली नोकरी. एवढं सगळं बसवताना कात्री लागते ती झोपेला, कारण तिचा हिशोब कुणी मागत नाही.

वाशिमच्या जिल्हा क्रीडा संकुलात पहाटे आधी बुटांचा आवाज येतो, मग अंधारातून मुलं दिसू लागतात. त्यांना पळवणारे सर माजी सैनिक. त्यांच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे १६०० ची वेळ, १०० ची वेळ, गोळ्याचं अंतर आणि महिन्याचं वजन. ही वही पाहण्यासारखी आहे. कोण कधी किती सेकंदांनी सुधारला, कुणाची पोटरी धरली, कोण आठ दिवस आलाच नाही, सगळं त्यात आहे. झोपेचा रकाना नाही. मुलांना विचारलं तर उत्तर तयारच असतं.

"चार घंटे. भागते न भाऊ तेवढ्यात."

"मले तर सवयच झाली आता."

एकजण काहीच बोलला नाही. त्याच्या पँटच्या पायाला ओला चिखल होता. रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेला होता आणि तिथूनच मैदानावर आला होता.

हे इथलं खास दुखणं आहे. वाशिम जिल्ह्यात सोयाबीन निघालं की हरभरा आणि गहू उभे राहतात, आणि शेतीपंपाची लाइट ज्या आठवड्यात रात्रपाळीला येते त्या आठवड्यात घरातल्या तरण्या पोराची झोप बांधावर जाते. पाणी नसेल तर जागल असते. रोह्यांचा किंवा रानडुकरांचा कळप एका रात्रीत किती नासधूस करतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मुलींचं गणित आणखी वेगळं. अंधारात एकटीला पाठवायची घरच्यांची तयारी नसते, म्हणून बाप किंवा भाऊ गाडीवर सोडायला येतो. म्हणजे एका मुलीच्या सरावासाठी घरातल्या दोघांची झोप मोडते. शिवाय घरी परतल्यावर चूल तिचीच.

मी सोबत शाळेतली तीस सेंटिमीटरची पट्टी नेली होती. चाचणी जुनी आणि फुकटची. समोरच्याने अंगठा आणि तर्जनी उघडी धरायची, पट्टीचं शून्य त्यांच्या मध्ये, आणि मी न सांगता पट्टी सोडली की पकडायची. पट्टी किती घसरली त्यावरून वेळ निघते: १५ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाचे साधारण १७५ हजारांश भाग, २५ सेंटिमीटर म्हणजे २२५ च्या आसपास. ही काही प्रयोगशाळा नव्हे. हातही ओळखीचा होत जातो. पण रात्रभर पाण्यावर असलेल्या त्या मुलाने मला जे दाखवलं ते पुस्तकातलंच होतं. पहिल्यांदा त्याने पट्टी पंधराच्या आत धरली, सगळ्यांपेक्षा चपळ. मग अठरा. मग पुन्हा पंधरा. आणि त्यानंतर पट्टी त्याच्या उघड्या बोटांमधून सरळ मातीत पडली. तो तिच्याकडे बघतच होता. डोळे उघडे, बोटं जागेवर, फक्त माणूस तिथे नव्हता. पोरं हसली, तोही हसला. "लक्षच नव्हतं, सर," म्हणाला.

अपुऱ्या झोपेचं खरं रूप हेच आहे. माणूस सरसकट मंद होत नाही, बेभरवशाचा होतो. झोपेचे अभ्यासक यासाठी एक कंटाळवाणी चाचणी वापरतात: दहा मिनिटं पडद्याकडे बघायचं आणि खूण दिसली की बटण दाबायचं. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागला तर ती चूक धरतात. झोप तुटत गेली की सरासरीपेक्षा या चुकाच जास्त वाढतात; मधली बटणं अगदी चपळाईने दाबली जातात. म्हणूनच कुणी आपल्या चांगल्या प्रयत्नांकडे बोट दाखवून "मला काही होत नाही" म्हणू शकतो.

अमेरिकेत २००३ साली व्हॅन डोंगेन, डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या मुलांनी वाचावा असं मला फार वाटतं. निरोगी माणसांना दोन आठवडे रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिलं. सहा तासवाल्यांचं लक्ष रोज थोडं थोडं घसरत गेलं, आणि शेवटी त्यांची कामगिरी अख्खी रात्र जागून काढलेल्या माणसाइतकी खाली आली. चार तासवाल्यांची त्याहून वाईट. पण झोप किती येतेय असं विचारलं, तर पहिल्या काही दिवसांनंतर त्यांची उत्तरं फारशी बदलली नाहीत. आपल्याला सवय झाली, असं त्यांना वाटत होतं. मैदानावर ऐकलेलं "भागते न भाऊ" हे त्याच जातीचं.

याचा मैदानाच्या गुणांवर काय परिणाम होतो? इथे थोडं नीट पाहायला हवं, कारण "झोप नाही तर दम नाही" एवढं ते सोपं नाही. एखाद्या रात्रीच्या जागरणाने निव्वळ ताकद फारशी कमी होत नाही. गोळा तेवढ्याच जोराने उचलला जातो. १६०० मीटर जड जातात, पण जिद्दीवर निभतात. मार बसतो तो नेमकेपणाला. १०० मीटरला शिट्टी वाजल्यावर पाय निघायला लागणारा उशीर, गोळा सोडतानाचा कोन, पाय वर्तुळाबाहेर पडून वाया गेलेली फेक. १०० मीटरला गुणांचे टप्पे वेळेवर पाडलेले असतात. टप्पा हुकला की गुण गेले, आणि मेरिट एकेका गुणावर अडतं.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात टेनिसपटूंना पाचच तास झोपू देऊन सर्व्हिस करायला लावली, तेव्हा त्यांची अचूकता घसरली. कॅफिन दिलं तरी ती सावरली नाही. ग्राउंडच्या आधी टपरीवर दोन कट मारून येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: चहाने डोळे उघडतात, नेम परत येत नाही. उलट बाजूही तपासलेली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या अकरा खेळाडूंना पाच ते सात आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं. २०११ साली आलेल्या त्या अहवालात त्यांच्या धावण्याची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली होती आणि फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली होती. खेळाडू थोडेच होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून फार मोठी उडी मारू नये. पण सात दशांश सेकंद म्हणजे काय, हे भरतीच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

लेखीचं नुकसान मात्र सगळ्यात मोठं आणि सगळ्यात न दिसणारं. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. दिवसा वाचलेलं आणि हाताला शिकवलेलं पक्कं होण्याचं काम या सगळ्या टप्प्यांत चालतं. बारापर्यंत अभ्यासिकेत बसून साडेचारला उठणारा मुलगा पहाटेचा तुकडा रोज कापून टाकतो. मग अंकगणिताची तीच पद्धत तो पुन्हा पुन्हा घोकतो आणि डोकं चालत नाही म्हणून स्वतःला दोष देतो. डोकं ठीक आहे, त्याला रात्र पुरत नाही.

सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी फौजेतले किस्से ऐकवले. फौजेतही जागावं लागतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण तिथे जागणं हे कामाचा भाग असतं, इथे ते कामाच्या आड येतंय. नंतर मात्र त्यांनी एक गोष्ट केली: जो पाण्यावरून किंवा जागलीवरून आला असेल त्याने आधी सांगायचं, आणि त्या दिवशी त्याला १०० चा आणि गोळ्याचा सराव नाही, फक्त हलकं पळणं. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. दुपारी जेवणानंतर अर्धा तास झोपण्याची परवानगीही मुलांनी स्वतःला द्यावी. चार तासच झोपलेल्यांवर लिव्हरपूलच्या संशोधकांनी २००७ साली हेच करून पाहिलं, तेव्हा त्यांची तरतरी आणि छोट्या धावांची वेळ दोन्ही सुधारली.

प्रत्यक्ष भरतीत तर झोपेची वाटच लागते. २०२४ च्या १९ जूनला राज्यात १७,४७१ पदांसाठी मैदानी चाचण्या सुरू झाल्या, त्या ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. जास्त जागांच्या आशेने वाशिमची मुलं मुंबई-पुण्याकडे अर्ज करतात, रात्रभर बसने जातात आणि पहाटे मैदानाच्या दारात उभी राहतात. आदल्या रात्री तर कुणालाच धड झोप लागत नाही. त्याचं फार भय बाळगू नये. आधीचा आठवडा पोटभर झोपलेला माणूस पुढची अपुरी झोप बऱ्यापैकी सोसतो, हे अमेरिकेतल्या लष्करी संशोधकांनी तपासून दाखवलं आहे. त्यामुळे घरच्या थोरांना एवढंच सांगणं: मुलाची किंवा मुलीची मैदानाची तारीख आली, की त्याआधीचे आठ दिवस जागलीची आणि रात्रीच्या पाण्याची पाळी दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि सकाळी ग्राउंडला जायचं नसेल त्या दिवशी त्यांना उठवू नका.