नंबर मोठा, तर गोळी मोठी?

देशातल्या मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आमच्या वर्धा जिल्ह्यात, पुलगावला आहे. त्यामुळे बोरगाव मेघेच्या टपरीवर चहाबरोबर बंदुकीच्या गप्पाही उकळतात. त्यातले खरे किती, ते आज पाहू.

पहिला घोळ शब्दाचाच. काडतूस म्हणजे गोळी नव्हे. पितळी नळकांडे, त्यात दारू, बुडाशी ठिणगी देणारी टोपी आणि तोंडाशी गोळी, हे सगळे मिळून काडतूस. उडते ती फक्त गोळी.

दुसरा समज, नंबर मोठा की मारा मोठा. 'थ्री नॉट थ्री' म्हणजे ०.३०३ इंच, साधारण ७.७ मिलिमीटर. हे नळीच्या रुंदीचे माप आहे, ताकदीचे नाही. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल त्याहून रुंद, पण मारा थ्री नॉट थ्रीचाच कितीतरी जबर. कारण तिच्या काडतुसात दारू जास्त आणि गोळीचा वेग जास्त. बारा बोअरचे गणित तर उलटेच. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातल्या एकीची जाडी ती त्या नळीची रुंदी. म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा अरुंद!

तिसरा समज, हवेत झाडलेली गोळी कुणाला लागत नाही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि जीवही घेते. वरातीतल्या अशा गोळीबाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

पण सर्वांत घातक समज चौथा: गंजलेला दारूगोळा मेलेला असतो. लोखंड गंजते, आतले स्फोटक तसेच राहू शकते. वर त्याचा भरवसा मात्र उरत नाही. ३१ मे २०१६ ला पुलगावच्या भांडारात आग लागली, पंधराहून अधिक माणसे गेली. २० नोव्हेंबर २०१८ ला तिथून जवळच, जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट झाला आणि सहा जण दगावले. त्यांत पोटासाठी आलेले मजूर होते.

पितळ-तांब्याला भंगारात भाव आहे, हे मला ठाऊक आहे. घरात चूल पेटायची असली की माणूस धोका पत्करतो, हेही ठाऊक आहे. तरीही शेतात, नाल्यात अशी वस्तू दिसली तर उचलू नका, ठोकू नका, जाळू नका. पोरांना दूर न्या आणि ११२ वर पोलिसांना कळवा. किलोभर पितळाचे पैसे पुन्हा मिळतील. हात पुन्हा मिळत नाही.