जिन्याच्या वळणावरचा पलंग

घाटकोपरच्या पंतनगरात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. आईने पलंग करून घ्यायचं ठरवलं तेव्हा मिस्त्री घरात शिरायच्या आधी जिन्यातच थांबले. दुसऱ्या मजल्यावरचं वळण त्यांनी टेपने मोजलं आणि वर येऊन म्हणाले, "वहिनी, तयार पलंग वर येणार नाही. इथेच बनवू." पुढचे पंधरा दिवस आमच्या गॅलरीत करवत, रंधा आणि पटाशी नांदली. भुसा डब्यातल्या पिठापर्यंत पोचला. खोलीची फरशी खिडकीकडे जराशी उतरती होती, म्हणून शेवटच्या दिवशी त्यांनी भिंतीकडच्या पायांवरून रंधा फिरवून दोन सूत लाकूड काढलं. तो पलंग तीस वर्षं डुगडुगला नाही.

घरसामान ऑनलाइन विकणारी दुकानं मुंबईत कशी वाढली, याचा मागोवा घेताना मला तो जिना सारखा आठवत राहिला. कारण या धंद्याचं कोडं संगणकाच्या पडद्यापेक्षा जिन्यातच जास्त होतं.

घाटकोपर आणि मुलुंडच्या मध्ये विक्रोळी लागते. तिथला गोदरेजचा कारखाना माहीत नसलेला मुंबईकर विरळाच. गोदरेजने लोखंडी कपाटं बनवायला १९२३ मध्ये सुरुवात केली, आणि पुढे मराठी घरांत 'गोदरेज' हा कपाटाचाच प्रतिशब्द झाला. हे तयार फर्निचर होतं. कारखान्यात बनायचं, दुकानात दिसायचं, हमालाच्या पाठीवरून घरी यायचं. लाकडाचं सामान मात्र मिस्त्रीकडेच राहिलं. त्याच्या हाताला बळ देणारी वस्तू १९५९ मध्ये बाजारात आली, ती म्हणजे बळवंत पारेख यांचं फेविकॉल. त्याआधी सुतार जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला सरस तापवून वापरत. वास घर भरून राही. फेविकॉल तापवावं लागत नव्हतं. ते थेट सुतारांपर्यंत नेऊन पोचवलं गेलं, आणि पुढे त्यांच्या हाती डिझाइनची पुस्तकंही आली. मिस्त्री ते पुस्तक पुढ्यात ठेवायचे, आई पानं उलटायची, एका चित्रावर बोट ठेवायची. आजच्या मोबाइलवरच्या फोटोंचं पूर्वरूप मला त्या पुस्तकात दिसतं. फरक एवढाच, की चित्र दाखवणारा माणूस आणि वस्तू घडवणारा माणूस तेव्हा एकच होता.

ही साखळी तुटली ती घरसामान ऑनलाइन विकणाऱ्या पेपरफ्रायसारख्या कंपन्यांमुळे. पेपरफ्रायचे संस्थापक अंबरीश मूर्ती आणि आशीष शाह दोघेही ईबे इंडियातून आलेले. ईबेचा इथला पाया म्हणजे मुंबईची बाझी डॉट कॉम, जी ईबेने २००४ मध्ये विकत घेतली. म्हणजे नेटवर वस्तू विकण्याचं एक पूर्ण शिक्षण याच शहरात झालेलं होतं. २०११ मध्ये त्यांनी कंपनी स्थापली आणि २०१२ च्या सुरुवातीला संकेतस्थळ उघडलं. तेव्हा तिथे कपडे आणि दागिनेही मिळत. वर्षभरातच त्यांनी ते सारं बाजूला सारलं आणि घर एवढंच धरलं. माझ्या मते या कंपनीचा सगळ्यात धाडसी निर्णय हाच. शर्ट पाकिटात मावतो, कुरिअरवाला तो स्कूटरवरून आणतो. तिघांनी उचलायचा सोफा नेणारी कुरिअर व्यवस्था देशात जवळजवळ नव्हतीच. तेव्हा त्यांना गोदामं, मोठ्या गाड्या आणि जोडणी करणारे सुतार हे सगळं स्वतःच उभं करावं लागलं.

माल बराचसा जोधपूरचा. शीशम, आंबा आणि बाभळीच्या लाकडाचं सामान तिथून वर्षानुवर्षं युरोप-अमेरिकेला जायचं. २००८ च्या मंदीत परदेशी मागणी आटली आणि तिथले कारखानदार देशातलं गिऱ्हाईक शोधू लागले. पुढे साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१६ च्या परिषदेत शीशमच्या साऱ्या वंशावर निर्बंध आले, ते जानेवारी २०१७ पासून लागू झाले आणि निर्यातीचे कागद आणखी किचकट झाले. हॅम्बुर्गच्या दिवाणखान्यात जाणारं टेबल बोरिवलीच्या हॉलमध्ये येऊ लागलं, त्यामागे जगाच्या व्यापाराचे हे धक्के आहेत.

आता बोरिवलीचा हॉल म्हणजे दहा बाय पंधरा. सोफ्याखाली अंथरूण ठेवायचं, पलंगाखाली गाद्या, लोणच्याच्या बरण्या आणि गणपतीचं मखर. उपनगरात फर्निचरच्या शोभेआधी 'स्टोरेज' किती ते विचारलं जातं. त्यातच म्हाडाच्या जुन्या वसाहतींचा पुनर्विकास सुरू झाला. पंतनगर, टिळकनगरमधली कुटुंबं दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरांत गेली, मग वीस-बावीस मजली इमारतींत परतली. नव्या घराला जुनं सामान बसेना. नव्या सोसायट्यांचे नियम वेगळे: ठोकाठोकी ठराविक वेळेतच, रविवारी बंद, लिफ्टमध्ये प्लाय न्यायची नाही. पंधरा दिवस गॅलरीत मिस्त्री ही गोष्टच अशक्य झाली. माणसं संकेतस्थळांकडे वळली त्याला स्वस्ताईपेक्षा हे कारण मोठं होतं असं मला वाटतं.

पण जिना जागेवरच होता. दहा वर्षांपूर्वी मी एका संकेतस्थळावरून कपाट मागवलं. पानावर उंची, रुंदी, खोली सगळं दिलेलं होतं. ते खोलीत बसणार होतं, लिफ्टमध्ये बसलं नाही. दोन दिवस खाली पार्किंगमध्ये उभं राहिलं आणि परत गेलं. मला मनस्ताप झाला तो झालाच, पण त्या कपाटाचा येण्याजाण्याचा खर्च, वाटेत उडालेला टवका, तीन हमालांची मजुरी हे सगळं कुणाच्या तरी हिशेबात तोटा म्हणून पडलं असणार. स्वीडनच्या आयकियाने याचं उत्तर १९५६ मध्येच काढलं होतं: टेबलाचे पाय सुटे करायचे, सपाट खोक्यात भरायचे, जोडणी गिऱ्हाइकाने करायची. आयकियाची विक्री मुंबईत २०१९ मध्ये आधी ऑनलाइन सुरू झाली, तुर्भ्याचं मोठं दुकान डिसेंबर २०२० मध्ये उघडलं. खोकं आपल्याकडे आलं, पण स्वतः पाना फिरवायची सवय आली नाही. आपल्याला जोडून देणारा माणूस लागतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी अडचण हाताची. गादी दाबून बघायची, खण ओढून बघायचा, लाकडावर टिचकी मारायची. हे पडद्यावर होत नाही. पेपरफ्रायने २०१४ मध्ये मुंबईतच पहिला स्टुडिओ उघडला. तिथे बघायचं, बसायचं, सल्ला घ्यायचा आणि मागणी नेटवरूनच नोंदवायची. पुढे अशा स्टुडिओंची संख्या दोनशेच्या वर गेली. दुकान टाळण्यासाठी निघालेल्या धंद्याला वाढायला शेवटी रस्त्यावर यावंच लागलं. जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुन्या खुर्च्या विकणाऱ्यांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिथे गिऱ्हाईक आधी खुर्चीत बसतं, मगच भाव विचारतं.

पैसा पुष्कळ आला. २०१५ मध्ये गोल्डमन सॅक्स आणि इतरांकडून सुमारे दहा कोटी डॉलर मिळाले. २०२० च्या गुंतवणुकीत पुढाकार पिडिलाइटचा होता, म्हणजे अंधेरी पूर्वेला मुख्यालय असलेल्या फेविकॉलवाल्या कंपनीचा. ही बातमी वाचली तेव्हा मी थांबलो. सुतारांच्या विश्वासावर उभी राहिलेली कंपनी आता तयार फर्निचरच्या दुकानात भागीदार होत होती. बदलाची दिशा तिला कुणाहीपेक्षा लवकर कळली असावी.

नफा मात्र हुलकावणी देत राहिला. २०२२-२३ मध्ये पेपरफ्रायचं उत्पन्न सुमारे २७२ कोटी रुपये होतं आणि तोटा सुमारे १८८ कोटी. पलंग माणूस दहा-पंधरा वर्षांतून एकदा घेतो. त्याला शोधून आणायचा जाहिरातीचा खर्च मात्र दर वेळी नव्याने करावा लागतो. दिवे, उशांचे अभ्रे, भिंतीवरची घड्याळं अशा सजावटीच्या वस्तूंवर ही दुकानं भर देतात ती याचसाठी, की गिऱ्हाईक मधल्या काळात विसरू नये. बंगळुरूच्या अर्बन लॅडरलाही हे गणित सुटलं नाही. २०२० मध्ये तिचा ९६ टक्के हिस्सा रिलायन्स रिटेलने सुमारे १८२ कोटींना घेतला. ऑगस्ट २०२३ मध्ये अंबरीश मूर्ती मुंबईहून मोटारसायकलने लेहला गेले होते, तिथेच हृदयक्रिया बंद पडून त्यांचं निधन झालं. वय ५१. कंपनीची धुरा आशीष शाहांकडे आली. २०२५ मध्ये पुण्याच्या टीसीसी कन्सेप्ट या कंपनीने पेपरफ्राय घेण्याचा करार केला.

गेल्या पावसाळ्यात मुलुंडला माझ्या बहिणीने ऑनलाइन पलंग घेतला. खोकी आधी वर आली, मागून बॅटरीवरचा ड्रिल घेऊन एक तरुण आला. गोरखपूरकडचा, सुताराच्याच घरातला. वडील गावी दरवाजे करतात म्हणाला. चाळीस मिनिटांत पलंग उभा राहिला. त्याने कोपऱ्यावर हात ठेवून दाबलं, पलंग किंचित डुगडुगला. त्याच्याकडे रंधा नव्हता आणि असता तरी कंपनीच्या मालाला लावता आला नसता. त्याने फरशीकडे वाकून पाहिलं, खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, चार घड्या घातल्या, खिडकीकडच्या पायाखाली सरकवला आणि पुन्हा दाबून बघितलं. मग आणखी एक घडी घातली.